मुलांकडे परदेशात लांब मुक्कामाला जाताना : खान्देशातील आई-वडिलांसाठी व्हिसाचे सविस्तर मार्गदर्शन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता असे गाव शोधावे लागेल, जिथला एकही मुलगा किंवा मुलगी परदेशात नोकरीला नाही. चोपडा, रावेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यातून शिक्षणासाठी पुण्याला गेलेली मुले पुढे अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया किंवा दुबईला स्थिरावतात, आणि नातवंड झाले की आई-वडिलांना चार-सहा महिन्यांसाठी बोलावून घेतात. आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी मिळणारा सल्ला अशा लांब मुक्कामाला पुरा पडत नाही, कारण इथे प्रश्न केवळ व्हिसा मिळण्याचा नसून, मिळाल्यानंतर किती दिवस राहता येईल, मुदत वाढवता येईल का, आणि पुढच्या वेळी पुन्हा जाता यावे म्हणून या वेळी काय सांभाळावे, असा असतो.

व्हिसाची मुदत म्हणजे मुक्कामाची मुदत नव्हे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून हा मुद्दा आधी. पासपोर्टवरच्या व्हिसावर छापलेली अंतिम तारीख ही बहुतेक देशांत ‘या तारखेपर्यंत तुम्ही आमच्या दारात येऊ शकता’ एवढेच सांगते. दारातून आत घेतल्यावर किती दिवस राहायचे, हे वेगळ्या नियमाने किंवा विमानतळावरील अधिकाऱ्याच्या निर्णयाने ठरते. अमेरिकेचा बी-२ हा पर्यटन आणि भेटीचा व्हिसा भारतीय नागरिकांना सहसा दहा वर्षांसाठी मिळतो. परंतु प्रत्येक प्रवेशाच्या वेळी मिळणारी मुक्कामाची परवानगी साधारणतः सहा महिन्यांची असते आणि ती ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत लिहिलेली असते. ही नोंद आता कागदावर हातात मिळत नाही. ती अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून पाहावी लागते. ‘व्हिसा तर २०३५ पर्यंतचा आहे, मग घाई कशाला’ असे म्हणत आय-९४ ची तारीख ओलांडणाऱ्यांचा तो दहा वर्षांचा व्हिसा त्याच दिवशी कायद्याने निकामी होतो. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परतल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाकारला जातो.

कोणत्या देशासाठी कोणती वाट

अमेरिकेसाठी आई-वडिलांना वेगळा असा ‘पालक व्हिसा’ नाही. बी-२ वरच जावे लागते आणि एका वेळचा मुक्काम सहा महिन्यांच्या आसपास धरूनच नियोजन करावे लागते. मुलगा किंवा मुलगी नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असो की ग्रीन कार्डधारक, आई-वडिलांच्या अर्जाचा नमुना तोच राहतो. मात्र अमेरिकन नागरिक झालेल्या अपत्याने आई-वडिलांसाठी स्थलांतराचा अर्ज आधीच दाखल केला असेल, तर तो अर्जात सांगावाच लागतो, आणि मग भेटीचा व्हिसा मिळणे अवघड होते. म्हणून घरात या दोनपैकी कोणती वाट धरायची, हे आधी ठरवावे.

कॅनडाची स्थिती आई-वडिलांच्या दृष्टीने सर्वांत उदार आहे. साध्या भेटीच्या व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येते, पण तिथे ‘सुपर व्हिसा’ नावाची खास सोयही आहे. जुलै २०२२ पासून या व्हिसावर एका प्रवेशात सलग पाच वर्षांपर्यंत राहता येते, जे पूर्वी दोन वर्षांपुरते मर्यादित होते. अटी मात्र नेमक्या आहेत. बोलावणारे अपत्य किंवा नातवंड कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असावे लागते. केवळ वर्क परमिटवर असलेल्या मुलाला ही सोय लागू होत नाही, आणि इथेच अनेक घरांची निराशा होते. बोलावणाऱ्या अपत्याचे उत्पन्न सरकारने ठरवलेल्या किमान मर्यादेच्या वर असावे लागते, आणि ती मर्यादा काढताना कुटुंबाच्या संख्येत येणारे आई-वडीलही मोजले जातात. सून, मुलगा, एक नातू आणि येणारे दोघे असे धरले तर ते पाच जणांचे कुटुंब होते. किमान एक लाख कॅनडियन डॉलर संरक्षणाचा, निदान एका वर्षाचा आरोग्य विमा आणि कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत. जळगाव किंवा धुळ्याच्या आपल्या घरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ते कितीही नावाजलेले असले तरी, इथे चालत नाही. नेमलेल्या डॉक्टरांची यादी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर असते. मुलाच्या निमंत्रणपत्रात आई-वडिलांचा खर्च तो उचलणार असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो.

ब्रिटनच्या बाबतीत गैरसमज जास्त. तिथे दोन, पाच आणि दहा वर्षांचेही भेटीचे व्हिसे मिळतात, पण त्यांपैकी कोणताही व्हिसा असला तरी एका भेटीत सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही, आणि तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेण्याची वाट जवळपास बंद आहे. वारंवार आणि पाठोपाठच्या भेटी देऊन प्रत्यक्षात ब्रिटनमध्येच राहण्यासारखी स्थिती झाली, तर पुढचा प्रवेश नाकारता येतो. आजी-आजोबांनी नातवंडाकडे पाहणे तिथल्या नियमांना मान्य आहे; मात्र तो अल्प मुक्काम असावा आणि ते पगारी दाईचे काम ठरू नये.

जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स आदी २९ शेंगेन देशांसाठी (एकाच सामाईक व्हिसावर चालणारा युरोपातील गट) सूत्र एकच आहे : कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस, आणि हे दिवस सर्व देशांत मिळून मोजले जातात. म्हणजे म्युनिकला दोन महिने राहून पॅरिसला आठ दिवस फिरून आले, तरी ते त्याच नव्वदातून वजा होतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवेश-निर्गमनाची इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली असल्याने, दिवसांचा हिशेब आता अस्पष्ट शिक्क्यांवर नव्हे तर संगणकावर होतो. तिकडच्या मुलांनी ‘सहा महिन्यांसाठी या’ असे म्हटले तर तो हिशेब शेंगेनमध्ये बसत नाही, हे इथेच समजून घ्यावे.

ऑस्ट्रेलियात सबक्लास ६०० या भेटीच्या व्हिसावर तीन, सहा किंवा बारा महिने मिळू शकतात. व्हिसाच्या पत्रात ‘८५०३’ हा क्रमांक आहे का ते पाहावे. तो असेल तर तिथे राहून पुढच्या मुक्कामाचा अर्ज सहसा करता येत नाही. ज्यांना अनेक वर्षे राहायचे आहे, त्यांच्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेला सबक्लास ८७० हा प्रायोजित पालक व्हिसा तीन किंवा पाच वर्षांसाठी मिळतो आणि एकूण दहा वर्षांपर्यंत नेता येतो. पण त्याचे सरकारी शुल्कच हजारो ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहे आणि आधी मुलाला प्रायोजक म्हणून मंजुरी घ्यावी लागते. पंच्याहत्तरीच्या पुढच्या अर्जदारांना भेटीच्या व्हिसासाठीही वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. न्यूझीलंडने २९ सप्टेंबर २०२५ पासून पालकांसाठी पाच वर्षांपर्यंतचा वेगळा भेटीचा व्हिसा सुरू केला आहे. त्यालाही मुलाच्या उत्पन्नाची आणि विम्याची अट आहे.

दुबई-अबुधाबीसाठी मुलगा तिथे रहिवासी असेल आणि त्याचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर तो आई-वडिलांना वार्षिक निवासी परवान्यावर बोलावू शकतो. लांब मुक्कामासाठी तीच वाट सोयीची आहे.

नावांची पडताळणी : अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी

आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या कागदपत्रांत नावे एकसारखी नसतात, आणि हाच खान्देशातल्या अर्जांचा कच्चा दुवा आहे. आधारवर ‘सुमनबाई’, पासपोर्टवर ‘सुमन’, सातबाऱ्यावर ‘सुमनबाई भ्र. रामदास’ आणि मुलाच्या पासपोर्टवर आईचे नाव ‘सुमन रामदास पाटील’ असे चार प्रकार एकाच घरात आढळतात. अनेक घराण्यांत ‘पाटील’ ही पदवी आडनाव म्हणून रूढ झाली आहे, आणि एका भावाच्या कागदांवर पाटील तर दुसऱ्याच्या कागदांवर मूळ आडनाव असते. परदेशी अधिकाऱ्याला यामागची रीत ठाऊक नसते. त्याला केवळ दोन वेगळी माणसे दिसतात.

म्हणून पासपोर्ट हा पाया मानून बाकीची कागदपत्रे त्याच्याशी जुळवावीत. आधार आणि पॅनवर दुरुस्ती सहज होते, सातबाऱ्यावर वेळ लागतो. जिथे दुरुस्ती वेळेत होणार नाही, तिथे ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून इंग्रजी भाषांतरासह जोडावे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा असेल आणि सगळे नाव एकाच रकान्यात असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे. संयुक्त अरब अमिराती एकेरी नावाच्या पासपोर्टवर भेटीसाठी प्रवेश देत नाही, आणि अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिले नाव अज्ञात) ही अक्षरे छापली जातात, जी पुढे प्रत्येक कागदावर त्रास देतात.

जन्मतारखेचेही तसेच. एक जून ही तारीख असलेली निम्मी पिढी आपल्याकडे आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. तारीख सगळीकडे तीच असेल तर त्यात काही वावगे नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा आधारवर एक जून आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरीच तारीख असते.

ज्यांच्या लग्नाची नोंदणी कधी झालीच नाही, अशी जोडपी तर घरोघरी सापडतील. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत उशिरानेही नोंदणी होऊ शकते. दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावे जोडीदार म्हणून असतील, तर बऱ्याच ठिकाणी वेगळे प्रमाणपत्र मागितले जात नाही, परंतु ते हाताशी असलेले चांगले. पासपोर्टसाठी टपाल कार्यालयांतील सेवा केंद्रांमुळे आता सगळ्यांनाच मुंबई गाठावी लागत नाही. नवीन पासपोर्ट असो की नूतनीकरण, पोलीस पडताळणीचा काळ धरून प्रवासाच्या बरेच आधी काम सुरू करावे.

शेतीच्या घरातील कागदपत्रे परदेशी अधिकाऱ्याला कशी दाखवावीत

भेटीच्या व्हिसाच्या मुळाशी बहुतेक देशांत एकच प्रश्न असतो : हा माणूस परत जाईल का? अमेरिकेच्या कायद्यातील २१४(बी) हे कलम तर प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकते. नोकरदाराला यावर उत्तर सोपे असते : सुट्टीचे पत्र, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्र. शेतकऱ्याकडे परतीची कारणे अधिक भक्कम असूनही ती कागदावर तशी उमटत नाहीत, कारण शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते.

यावर उपाय असा. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि ८-अ काढावा. विक्रीचा पुरावा म्हणून केळीच्या व्यापाऱ्याच्या पावत्या, कापसाच्या पट्ट्या, बाजार समितीच्या पावत्या मागच्या दोन-तीन हंगामांच्या एकत्र कराव्यात आणि त्या रकमा बँकेच्या खात्यात कुठे जमा झाल्या, हे उताऱ्यावर खूण करून ठेवावे. रोखीने झालेला व्यवहार कागदावर दिसत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी प्रवासाचा विचार असेल, तर या वर्षापासूनच विक्रीचे पैसे खात्यात घेण्याची सवय लावलेली बरी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, निवृत्त शिक्षक किंवा कर्मचारी असल्यास पेन्शन मंजुरीच्या आदेशाची (पीपीओ) प्रत, घरपट्टीची पावती आणि गावात मागे राहणाऱ्या दुसऱ्या अपत्याचा किंवा वृद्ध आईचा उल्लेख या गोष्टी परतीच्या बंधनाचे पुरावे ठरतात.

विधवा आईच्या अर्जात एक गोष्ट हमखास राहून जाते. जमीन अजून दिवंगत पतीच्याच नावावर असते आणि वारसनोंद झालेली नसते, त्यामुळे तिच्या स्वतःच्या नावे काहीच दिसत नाही. फेरफार करून वारस म्हणून तिचे नाव सातबाऱ्यावर आणणे हे व्हिसासाठीच काय, एरवीही आवश्यक काम आहे. ते या निमित्ताने पूर्ण करावे.

अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम आणून ठेवण्याचा सल्ला काही एजंट देतात. तो अजिबात मानू नये. अधिकारी शिल्लक पाहतो त्यापेक्षा सहा महिन्यांतली हालचाल अधिक बारकाईने पाहतो, आणि अचानक आलेल्या पाच लाखांचा खुलासा मागितला की मग उत्तर नसते. खोटा कागद तर सरळ दार बंद करतो : ब्रिटन दहा वर्षे, कॅनडा पाच वर्षे बंदी घालते आणि अमेरिकेत फसवणुकीमुळे कायमची अपात्रता येऊ शकते.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियासाठी जोडावेच लागते. भाषांतरकाराचे नाव, पत्ता, सही आणि तारीख त्यावर असावी. घरातल्याच इंग्रजी चांगल्या असलेल्या पुतण्याने किंवा मुलाने केलेले भाषांतर कॅनडा स्वीकारत नाही. अमेरिकेच्या मुलाखतीत मात्र अनेकदा एकही कागद पाहिला जात नाही, सगळा भर फॉर्म आणि बोलण्यावर असतो. तरीही फाइल सोबत न्यावी.

फॉर्म भरताना

फॉर्म कोणीही भरून दिला तरी त्यातील प्रत्येक वाक्याची जबाबदारी आई-वडिलांचीच असते. अमेरिकेचा डीएस-१६० हा फॉर्म इंग्रजीत भरायचा असतो आणि तो भरायला कुणी मदत केली का, असाही प्रश्न त्यात आहे; मुलीने किंवा एजंटने मदत केली असेल तर तसे लिहावे. गेल्या पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खाती विचारली जातात. नातवाने हौसेने उघडून दिलेले आणि नंतर विसरलेले फेसबुक खातेही त्यात मोडते. अमेरिकेत असलेले जवळचे नातेवाईक लपवू नयेत. मुलगी तिथे आहे हे सांगितल्याने नव्हे, तर लपवल्याचे उघड झाल्याने अर्ज अडतो.

सगळ्यात विचारपूर्वक लिहायची गोष्ट म्हणजे भेटीचे कारण आणि मुक्कामाचा कालावधी. ‘बाळ सांभाळायला जायचे आहे’ हे वाक्य आपल्या कानाला मायेचे वाटते, पण अधिकाऱ्याच्या कानाला ते बिनपगारी नोकरीसारखे ऐकू येऊ शकते. खरे कारण खोटे करू नये, परंतु नेमके मांडावे : मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी सोबत असावे, नातवाला पाहावे, मुलाचे घर पाहावे, आणि अमुक महिन्यात परत यावे. मुक्काम पाच महिन्यांचा ठरला असेल तर पाचच लिहावेत. तीन लिहून सहा राहणे पुढच्या अर्जाला मारक ठरते. परतीची तारीख शेतीशी जोडून सांगता आली तर ती अधिक पटते. ज्यांच्या घरी श्रावणात कानबाई बसते, त्यांनी ‘कुलदेवतेचे घरचे कार्य आहे, त्याआधी परतायचे आहे’ असे साध्या शब्दांत सांगावे. कानबाईची सगळी माहिती सांगत बसू नये.

मुलाच्या बाजूने निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची प्रत, पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार आणि बँक उतारा मागवावा. जर्मनीत मुलगा स्थानिक परदेशी-नागरिक कार्यालयातून आई-वडिलांच्या खर्चाची औपचारिक हमी घेऊ शकतो आणि तिची मूळ प्रत इथे पाठवावी लागते. व्हिसाचे शुल्क सतत बदलत असते, म्हणून ते अर्जाच्या दिवशी संबंधित सरकारच्याच संकेतस्थळावर पाहावे.

बायोमेट्रिक आणि मुलाखत

शेतात आयुष्य गेलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. रेशन दुकानात ज्यांचा थंब लागत नाही, त्यांचा व्हिसा केंद्रातही लागायला वेळ लागू शकतो. त्यामुळे आधी पंधरा-वीस दिवस हाताला तेल किंवा मलम लावावे, कापूस वेचणीसारखे बोटांना चिरा पाडणारे काम टाळावे, आणि लग्नसराईत बोटांच्या टोकांना मेंदी लावू नये. फोटोसाठी पार्श्वभूमी पांढरी असावी, चष्मा काढावा, आणि डोक्यावरचा पदर मागे घेऊन कपाळ, कान व पूर्ण चेहरा दिसू द्यावा.

अमेरिकेसाठी आधी मुंबईत ठसे आणि फोटोची भेट, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत, असा क्रम असतो. दोन्ही भेटी लागोपाठच्या दिवशी घ्याव्यात, म्हणजे फेरा वाचतो. भुसावळ-जळगावकडून रात्रीच्या गाडीने पहाटे दादरला उतरता येते, पण वय सत्तरीपुढे असेल तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करणे शहाणपणाचे. नंदुरबार-शहाद्याकडच्यांना सुरतमार्गे जाणे जवळचे पडते. दूतावासात मोबाइल आणि मोठ्या पिशव्या नेऊ देत नाहीत, त्यामुळे बाहेर थांबणारे कुणीतरी सोबत असावे. सप्टेंबर २०२५ पासून वयामुळे मिळणारी मुलाखतीची सरसकट सूट राहिलेली नाही. ऐंशीच्या आजीलाही आता सहसा हजर व्हावे लागते. जुना बी व्हिसा संपून बारा महिने झाले नसतील, तर काही अटींवर मुलाखत टळू शकते.

मुलाखत मराठीत देता येते. घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्यांनी मराठी वा हिंदी यांपैकी जी सवयीची, ती निवडावी. उगाच मोडक्या इंग्रजीत उत्तरे देऊ नयेत. त्याने गुण वाढत नाहीत, अर्थ मात्र बिघडतो. प्रश्न साधे असतात : कुणाकडे चाललात, तो काय करतो, किती दिवस, खर्च कोण करणार, इथे मागे कोण आहे, पूर्वी परदेशी गेला होतात का. उत्तर एक-दोन वाक्यांत द्यावे. मुलाच्या कंपनीचे नाव, त्याचे शहर आणि कामाचे साधारण स्वरूप आईलाही सांगता आले पाहिजे, कारण पती-पत्नी एकत्र उभे असले तरी प्रश्न दोघांनाही विचारला जाऊ शकतो.

नकार मिळाल्यास हातात एक छापील कागद देतात. २१४(बी) खालच्या नकारावर अपील नसते. नव्याने शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. परंतु परिस्थितीत काही बदल झाल्याशिवाय, उदाहरणार्थ वारसनोंद, आयकर विवरणपत्र किंवा एखादा दुसरा परदेश प्रवास यांपैकी काही झाल्याशिवाय, महिनाभरात परत धाव घेण्यात अर्थ नाही.

विमा आणि औषधे

आरोग्य विमा घेताना स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला ठरावीकच रक्कम मिळते की प्रत्यक्ष बिलाचा मोठा भाग मिळतो, हे आधी विचारावे. अमेरिकेतील रुग्णालयाच्या बिलापुढे ठरावीक रक्कम अगदी तुटपुंजी पडते. आधीपासूनच्या मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचे संरक्षण कोणत्या शब्दांत लिहिले आहे ते पूर्ण वाचावे. अनेक पॉलिसी केवळ अचानक उद्‍भवलेल्या तीव्र त्रासापुरता खर्च देतात आणि त्यालाही वयाची मर्यादा असते. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. आपल्याकडचा मेडिक्लेम बाहेर चालेल असे गृहीत धरू नये.

औषधे मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत आणि चिठ्ठीत कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. घरचा काळा मसाला दुबईला नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की त्यात खसखस असेल तर तो नेऊ नये. तिथे खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. सिंगापूरलाही खसखशीवर बंदी आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ताजी फळे, भाज्या, बियाणे नेणे टाळावे, आणि बिबड्या, पापड, शेव असे जे काही नेले असेल ते फॉर्मवर जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर टाकून देतात. लपवलेल्या वस्तूवर दंड होतो.

तिथे पोहोचल्यावर आणि मुदतवाढ

विमानतळावरचा अधिकारी किती दिवस राहणार असे विचारेल, तेव्हा फॉर्ममध्ये लिहिलेला कालावधीच सांगावा आणि परतीचे तिकीट दाखवता यावे. मुलाचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर लिहून हातातल्या पिशवीत ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. पोहोचल्याच्या आठवड्यात आय-९४ ची किंवा त्या देशाच्या शिक्क्याची तारीख पाहून ती घरात सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवावी.

अमेरिकेत मुदत वाढवायची असेल तर आय-५३९ हा अर्ज आय-९४ ची तारीख संपण्यापूर्वी दाखल झाला पाहिजे. तिथले स्थलांतर खाते निदान ४५ दिवस आधी अर्ज करण्यास सुचवते. कारण ठोस असावे : आजारपण, सुनेची अवघड प्रसूती, शस्त्रक्रिया. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत आणि मूळ मुक्कामात नियम पाळलेले असतील तोवर बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जात नाहीत, पण अर्जाची पावती आयुष्यभर जपून ठेवावी, कारण पुढच्या मुलाखतीत ‘तुम्ही वर्षभर कसे राहिलात’ हा प्रश्न येतोच. माझे मत असे की, केवळ करमते म्हणून मुदत वाढवू नये. सहा महिने राहून परत यावे आणि निदान तेवढाच काळ गावी घालवून मग पुन्हा जावे. हा कायदा नाही, पण अधिकारी याच नजरेने मागच्या भेटी वाचतात. कॅनडात भेटीची मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज केला, तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येते.

भेटीच्या व्हिसावर कोणतेही पगारी काम चालत नाही. शेजारच्या घरी डबा करून देऊन पैसे घेणे किंवा ओळखीच्या दुकानात बसणे हेही काम ठरते.

मागे राहिलेली कामे

निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. मुक्काम नोव्हेंबरवरून पुढे जाणार असेल तर ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सेवेची मोबाइलवर चेहरा ओळखून दाखला देण्याची पद्धत इथे असतानाच शिकून घ्यावी, आणि ते न जमल्यास तिथल्या भारतीय दूतावासात दाखला मिळतो हे ठाऊक असावे. ओटीपीसाठी बँक आणि आधारला जोडलेले सिमकार्ड परदेशात चालू राहील याची सोय करावी. ते बंद पडले की पेन्शनचे खाते असूनही हाताशी राहत नाही.

खरिपाची ई-पीक पाहणी साधारण ऑगस्टपासून सुरू होते आणि ती शेतात उभे राहूनच करावी लागते, म्हणून गावातल्या कुणावर तरी ती सोपवून जावी, नाहीतर पीक विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही. पीककर्जाचे हप्ते आणि व्याजसवलतीसाठीची मुदत आधी बँकेत विचारून घ्यावी. सुपर व्हिसासारख्या वर्षानुवर्षांच्या मुक्कामाला जाणाऱ्यांनी आयकरातील रहिवासी दर्जा सनदी लेखापालाला विचारावा; एकाच सहा महिन्यांच्या भेटीने तो सहसा बदलत नाही. जमिनीच्या आणि बँकेच्या कामासाठी मागे राहणाऱ्या मुलाला किंवा भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचे असल्यास ते निघण्यापूर्वी इथेच करून घ्यावे, त्यात कोणती कामे करता येतील ती मोजून लिहावीत, आणि जमीन विकण्याचा अधिकार देण्याची गरज नसेल तर तसे त्यात स्पष्ट नमूद करावे.